मडकं कुणाच्या खांद्यावर

अग्नी ताईंनी दिला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाचा गोंधळ व्हायला नको. मी तिथं होते. चितेपासून वीस-पंचवीस पावलांवर, बोरीच्या झाडाखाली, बायकांच्या घोळक्यात उभी होते. माझं वय तेव्हा पंचवीस आणि डोळे धड होते.

एवढं साधं वाक्य सांगायला मला दहा-बारा वर्षं लागली. मधल्या काळात मी नेमकं त्याच्या उलटं सांगितलं, तेही तोंडानं नाही, रंगानं. तोंडानं सांगितलेलं लोक विसरतात. रंगानं सांगितलेलं भिंतीवर राहतं.

आमचं गाव अंबड तालुक्यातलं. वडील पाथरवट. पाटे-वरवंटे, जाती, उखळ घडवायचे, आणि कुणी मोठं माणूस गेलं की समाधीचा दगड, त्यावर पादुका किंवा पिंड. आमच्या अंगणात नेहमी कुणाच्या तरी मरणाची तयारी टाकीच्या आवाजात चाललेली असायची. मी त्या आवाजात वाढले, चित्रं काढायला लागले, औरंगाबादला कलाशिक्षकाचा कोर्स केला, आणि एक्याऐंशी साली गावातल्याच शाळेत चित्रकलेची बाई म्हणून लागले. शाळा मालकांच्या संस्थेची होती. गावात सगळं मालकांचंच होतं.

मालक म्हणजे गावचे मोठे जमीनदार आणि संस्थेचे अध्यक्ष. ते काही देव नव्हते. त्यांच्या बैठकीत माझे वडील कधी गादीवर बसले नाहीत, उंबऱ्याशीच बसले. पण पोरींना शाळेत घाला म्हणून घरोघरी फिरणारा माणूसही तोच. त्यांना एकच मुलगी, ताई. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या. लग्न होऊन परभणीकडं गेल्या होत्या, दोन वर्षांत सासर सोडून परत आल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत. मालकांना अर्धांगवायू झाला तेव्हापासून चार वर्षं त्यांचं खाणंपिणं, अंघोळ, कूस बदलणं, आलेल्या कागदांवर सही कुठं करायची ते दाखवणं, सगळं ताईंनी केलं. मालकांचा पुतण्या तेव्हा जालन्यात राहायचा. सणाला यायचा, बाहेरच्या खोलीत चहा घ्यायचा, काकांना लांबून नमस्कार करून जायचा. आमच्याकडं अशा माणसाला आदरानं ‘पुतणे’ म्हणतात. मी म्हणणार नाही.

मालक बोलू शकत होते तेव्हाच त्यांनी भजनी मंडळींसमोर सांगून ठेवलं होतं, “मला शेवटचं पाणी पोरीच्या हातचं पाहिजे. मडकंबी तीच धरंल.” लोकांनी माना हलवल्या. म्हातारं माणूस बोलतं, म्हणून हलवल्या.

मालक गेले त्या दिवशी अंत्यविधी त्यांच्याच मळ्यात, विहिरीच्या वरच्या बाजूला होता. म्हणून आम्हा बायकांना तिथवर जाता आलं, एरवी वेशीवरूनच परत फिरावं लागतं. सकाळपासून गाड्या येत होत्या. जालन्याचे पुढारी आले, पोलिसांची गाडी आली, मागून एक मंत्री आले. हरभऱ्याचं उभं पीक तुडवून लोक उभे राहिले. आणि मी तिथं पहिल्यांदा एक गोष्ट पाहिली. तिरडी खाली टेकली, तेव्हा लोकांचं लक्ष मालकांच्या तोंडाकडं नव्हतं. मंत्र्यांच्या शेजारी कोण उभं आहे, त्याच्या शेजारी कोण, हे सगळे बघत होते. मेलेल्या माणसाभोवती जागा धरायची धक्काबुक्की चालली होती, एसटीत रुमाल टाकून धरतात तशी.

पुतण्या पांढरा पंचा नेसून, डोकं भादरून तयार होता. नवं मडकं पाण्यानं भरून ठेवलेलं होतं. तो वाकणार, इतक्यात ताई बायकांच्या घोळक्यातून बाहेर निघाल्या. पदर कमरेला खोचलेला. घाई नाही, आवाज नाही.

“मडकं इकडं द्या,” त्या म्हणाल्या.

पुतण्या म्हणाला, “ताई, लोकं बघून राह्यलेत.”

“मंग बघू द्या की.”

भटजींनी मंत्र्यांकडं पाहिलं. आता यात मंत्र्यांचं काय होतं? पण पाहिलं. मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात भजनी मंडळींतला एक म्हातारा मोठ्यानं बोलला, “मालकांचा शबूद हाय. आम्ही ऐकलाय.” मग ताईंनी मडकं खांद्यावर घेतलं. एकेक फेरीला न्हाव्यानं दगडानं भोक पाडलं. पाणी त्यांच्या खांद्यावरून, पाठीवरून, लुगड्यावरून वाहत होतं. तीन फेऱ्या झाल्या, त्यांनी मडकं मागं टाकलं, ते फुटलं, आणि त्यांनी मागं न बघता अग्नी दिला. बोंब मारायलाही दुसऱ्या कुणाची वाट पाहिली नाही. ती बोंब मी अजून ऐकते. त्यात रडणं नव्हतं.

मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी वहीत ते काढलं. पेन्सिलीनं, चार पानं. ओला खांदा, खोचलेला पदर, मडक्याच्या भोकातून निघालेली पाण्याची धार.

तेराव्याला पागोटं बांधायची वेळ आली. भावकी बसली, पाहुणे बसले. पागोटं कुणाला? बाईच्या डोक्याला पागोटं कसं बांधणार, असं कुणी विचारलंसुद्धा नाही. ते सरळ पुतण्याच्या डोक्यावर गेलं. ताई आत स्वयंपाकघरात गव्हाच्या खिरीचं पातेलं उतरवत होत्या. दोन महिन्यांनी पुतण्या संस्थेचा अध्यक्ष झाला. जाळायचं काम बाईनं केलं आणि राज्य पागोट्यानं घेतलं.

इथवरचा राग मला समजतो. तो सगळ्या गावावरचा राग आहे, त्यात माझा वाटा लहान. यापुढचा माझ्यावरचा आहे.

तीन वर्षांनी संस्थेनं मालकांच्या नावानं सभागृह बांधलं. अध्यक्षानं, म्हणजे पुतण्यानं, मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर दोन फोटो ठेवलेले. ते मी बघताक्षणी ओळखले. आमच्या वेशीबाहेर चिंचेखाली दोन जुने दगड आहेत. एक वीरगळ, तीन मजल्यांचा. खाली वीर लढताना पडलेला, मधे अप्सरा त्याला वर नेतात, सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला. दुसरा सतीचा दगड. चंद्र, सूर्य, आणि कोपरात वाकवलेला बाईचा हात, बांगड्या भरलेला. बाकी बाई नाहीच, नुसता हात.

“बाई, तुम्ही पाथरवटाची पोर ना?” अध्यक्ष म्हणाला. “मंग हे तुम्हांला बराबर समजंल. स्टेजच्या मागची पूर्ण भिंत तुमची. असेच तीन मजले. खाली आमच्या घराण्याचा मूळ पुरुष, लढाईत पडलेला. त्याच्यासंगं सती जाणारी बायको. मधे काकांची अंत्ययात्रा. वर काका, देवापुढं. इतिहास वाटला पाहिजे.”

“हे दगड तुमच्या घराण्याचे आहेत, असं कुठं लिहिलेलं आहे का?” मी विचारलं.

“दुसऱ्या कुणाचे आहेत असं लिहिलंय का?” तो हसला. “आणि मधल्या मजल्यात मडकं माझ्या खांद्यावर पाहिजे.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, “पण मडकं तर ताईंनी…”

“बाई, त्या दिवशी गडबड झाली. काका आजारी होते, बोलून गेले. घरातली गडबड भिंतीवर काढतात का? तुमचा कायम होण्याचा कागद माझ्याकडंच सहीला हाय. मी काही म्हणून राह्यलो न्हाई. फक्त सांगतो.”

घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते पाट्याला टाकी लावत होते. थांबले नाहीत, तसेच बोलले. “तो वीरगळ मेलेल्यानं घडवून घेतला असंल का? त्याला काय ठावं, आपण वर गेलो का खाली. मागच्यांनी घडवला. त्यांला वतन पाहिजे होतं. आमचा बाप-आजा हेच करत आला. ज्यानं सांगितलं, त्याचं तोंड कोरायचं.”

“म्हणजे मी काढू?”

“मी कुठं म्हणलो काढ? दगडाचा इतिहास सांगितला.”

मी चार दिवस विचार केला आणि मोठ्या तोऱ्यात अध्यक्षाकडं गेले. म्हणाले, “मी सती काढणार नाही. काही झालं तरी नाही. मुली रोज त्या भिंतीपुढं प्रार्थनेला उभ्या राहणार. जळायला निघालेली बाई त्यांना मी दाखवणार नाही.”

त्यानं सतीच्या दगडाचा फोटो उचलून खणात टाकला. मग म्हणाला, “बरं. सती नको. बाकी मी सांगितलं तसं.”

आणि मी हो म्हटलं. बाहेर पडताना मी जिंकले असं मला वाटत होतं. पाय जमिनीवर नव्हते. एका पुढाऱ्याला मी नाही म्हटलं होतं! पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या डोक्यात उजेड पडला की त्याला सती नकोच होती. मी नको म्हणावं आणि त्याला सोडून देता यावी, एवढ्यासाठीच त्यानं ती सांगितली होती. हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईला मी वाचवलं, आणि तिच्या बदल्यात जिवंत बाई दिली.

दिवाळीच्या सुट्टीपासून उन्हाळ्यापर्यंत मी त्या भिंतीवर काम केलं. ऑइल रंग, बांबूची परांची, शाळा सुटल्यावर आणि रविवारी. मूळ पुरुष काढला, त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं म्हणून अध्यक्षाचंच नाक दिलं, त्यानंच सांगितलं तसं. मधल्या मजल्यासाठी त्याला पोझ द्यायला बोलावलं. त्याच्या बंगल्यात मातीचं मडकं नव्हतं. शिपायाचा पाण्याचा माठ आणला. त्यानं खांद्यावर घेतला, जरा पाणी हिंदकळलं आणि इस्त्रीच्या शर्टावर सांडलं.

“पाणी काढून टाका ना यातलं,” तो शिपायावर ओरडला. रिकामा माठ खांद्यावर घेऊन तो दहा मिनिटं उभा राहिला, मान वर करून, खिडकीकडं बघत. चार वर्षं ज्या माणसाच्या जवळ हा बसला नाही, त्याच्या प्रेताला फेऱ्या घालत होता, पंख्याखाली.

मी त्याला काढलं. चांगलं काढलं, हे सांगायलाही मला चीड येते. माझ्या वहीतला ताईंचा खांदा मी त्याला दिला. खरी अवघड गोष्ट तीच होती, वजन घेतलेला खांदा कसा उतरतो ती, आणि ती माझ्याजवळ तयार होती. त्याला मी ती वापरायला दिली. ताईंना मागं बायकांच्या रांगेत उभं केलं, तोंडाला पदर लावून.

उद्‌घाटनाला मंत्री आले. पडदा ओढला, टाळ्या पडल्या. वडील सगळ्यात मागं उभे होते. मला बाहेर भेटले तेव्हा म्हणाले, “खांदा चांगला बसलाय.” एवढंच. आणि चालायला लागले. माझ्या आयुष्यात मला त्यांनी एवढा मोठा बोल कधी लावला नव्हता.

ताई उद्‌घाटनाला आल्या नाहीत. दोन दिवसांनी दुपारी एकट्याच आल्या. मी स्टेजवर उरलेल्या डब्यांची झाकणं लावत होते. त्यांनी आधी पूर्ण भिंत पाहिली. मग मला विचारलं, “मी कुठं हाय?”

मी बोट दाखवलं.

“तोंड का झाकलंस?”

“रडताय तुम्ही,” मी म्हणाले.

“मी त्या दिवशी रडले न्हवते. तू होतीस की तिथं. बोरीखाली उभी होतीस.” त्यांना मी कुठं उभी होते तेही लक्षात होतं. “त्यानं सांगितलं असंल ते तू काढलंस, ते समजतं मला. पण माझं रडणं तुला कुणी सांगितलं?”

कुणीच सांगितलं नव्हतं. ते मी मनानं काढलं होतं. बाई आहे, बाप मेलाय, म्हणजे रडणार, असा हात आपोआप चालला होता. त्या गेल्या. त्यानंतर रस्त्यात दिसल्या तरी त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, आणि मी वाट बदलत होते.

मी नोकरीत कायम झाले.

आता यापुढं जे झालं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. भिंतीवरचं चित्र स्मरणिकेत छापलं गेलं. मग संस्थेच्या कॅलेंडरवर आलं. निवडणुकीत अध्यक्षाच्या पोस्टरवर आलं, फक्त मधला मजला, मडक्याचा. गावात घरोघरी ते कॅलेंडर लटकलं, चुलीच्या धुरानं काळं झालं तरी कुणी काढलं नाही, कारण त्यावर मालक होते. शाळेत ‘आमचे संस्थापक’ असा निबंध असायचा. एके वर्षी सातवीच्या मुलीनं लिहिलं, ‘मालकांना त्यांच्या लाडक्या पुतण्याने अग्नी दिला.’ ती तेव्हा दोन-तीन वर्षांची असेल, तिची काय चूक? पण तो निबंध मी तिच्या आजीला वाचून दाखवला. आजी मळ्यात त्या दिवशी माझ्या शेजारी उभी होती, माझ्या खांद्याला धरून टाचा उंच करून बघत होती.

“बराबर लिव्हलंय की पोरीनं,” आजी म्हणाली.

“अहो आजी, तुम्ही होतात ना? ताईंनी दिला ना अग्नी?”

आजीनं डोळे बारीक केले. “ताईंनी? ताईंनी पाणी पाजलं असंल… न्हाई, न्हाई. अग्नी धाकल्या मालकानंच दिला. फोटूत न्हाई का?”

मी घरी येऊन वही काढली आणि ती चार पानं पाहिली. क्षणभर, देवाशपथ सांगते, क्षणभर मला स्वतःचीच शंका आली. असं असतं हे. राजवाड्यातली, देवळातली, पुस्तकांतली चित्रं मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आले होते, हा राजा, ही त्याची पालखी, ही रडणारी प्रजा. एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की त्या पालखीचा पुढचा दांडा खरं कुणाच्या खांद्यावर होता, आणि काढणाऱ्याला तो कुणाच्या खांद्यावर काढायला लावला.

नव्वदच्या पुढं पंचायत समितीची आमच्याकडची जागा बायकांसाठी राखीव झाली. ताई उभ्या राहिल्या. अपक्ष, कुणाचा झेंडा नाही. अध्यक्षानं बायकोला उभं केलं. त्या बिचारीला सभेत बोलायलाही देत नव्हते, माईक तोच धरायचा. बाजाराच्या दिवशी पाराजवळ ताईंची सभा झाली. शंभरेक माणसं असतील. त्या बोलायला लागल्या. रस्ता, नळ, मुलींच्या शाळेची बस असं चाललं होतं. मधेच एकजण ओरडला, “ज्यानं मालकाला अग्नी दिला, त्याच्या घरात मत!”

ताई थांबल्या. म्हणाल्या, “अग्नी मी दिलाय.”

मग कुठूनतरी आवाज आला, “चित्रात तर न्हाईत तुम्ही!” आणि लोक हसले. सगळे नाही हसले. पण हसले.

मी पाराच्या डाव्या बाजूला भाजीची पिशवी घेऊन उभी होते. ताईंची नजर गर्दीवरून फिरली आणि माझ्यावर थांबली. त्यांना फार काही नको होतं. मी एक वाक्य बोलायचं होतं. चित्र मी काढलं आणि खोटं काढलं, बस. शेजारी माझे मुख्याध्यापक उभे होते. मी पिशवीतली मेथी सारखी करायला लागले.

ताई पडल्या. बऱ्याच मतांनी पडल्या.

त्या मेथीवरून हात फिरवणारी ती बाई मला आजही सहन होत नाही. अध्यक्षाबद्दल बोलायचं तर तो चोर होता आणि चोरासारखा वागला. पण मी चोर नव्हते. मी साक्षीदार होते आणि मी मेथीत हात घालून उभी राहिले.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. मी शिपायाला म्हटलं, सभागृहाची किल्ली दे, चित्राचा रंग फुगलाय, दुरुस्त करायचाय. त्यानं दिली. अध्यक्ष मुंबईला गेला होता, आठ दिवस यायचा नव्हता. मी टर्पेंटाइन, खरवडायची पत्ती आणि वही घेऊन गेले. दिवसाउजेडी, दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून. पहिल्यांदा त्याचं तोंड खरवडलं. फार वेळ लागला नाही. मग तीन दिवस ताईंना काढलं. आता त्या चाळिशी ओलांडलेल्या होत्या, मी त्यांना वहीतलंच वय दिलं. पदर खोचला. मडक्याला भोकं पाडली आणि पाणी सोडलं. मागच्या रांगेतली ती पदर लावलेली बाई पुसून तिथं नुसतं बोरीचं झाड काढलं.

दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. आधी शिपायाची बायको. मग न्हावी आला, आता पार वाकलेला. भिंतीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “तिसरं भोक मी जरा खाली पाडल्तं. लई पाणी अंगावर आलं त्यांच्या.” मी ब्रश घेतला आणि तिसरं भोक खाली घेतलं. तो म्हणाला, “हां. आता बराबर.” मग ती आजीही आली, निबंधवाल्या मुलीचा हात धरून. बघत राहिली, बघत राहिली. “अगं बया,” म्हणाली, “ह्या बोंबलल्याबी होत्या की! मला आवाज आठवला.” आणि ती तिथंच खाली बसली.

ताई चौथ्या दिवशी आल्या. मी परांचीवरून उतरले. मला वाटलं होतं, काय वाटलं होतं ते सांगायची लाज वाटते. मला वाटलं होतं त्या माझा हात धरतील.

त्यांनी चित्र पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, सरळ, उघडा राग.

“मला विचारलंस का?” त्या म्हणाल्या.

“काय?”

“आधी पुसलंस तेव्हाबी विचारलं न्हाईस. आता काढलंस तेव्हाबी विचारलं न्हाईस. निवडणूक झाली, मी पडले, मंग तुला आठवण झाली. हे माझ्यासाठी काढलंस का तुला झोप यावी म्हणून?”

“तुमच्यासाठी,” मी म्हणाले. मग म्हणाले, “माझ्यासाठी.”

“मंग तसं म्हण.” त्या जायला निघाल्या. दारात थांबून एवढंच म्हणाल्या, “पाराजवळ बोलली असतीस तर नुसतं पाच मिनिटांचं काम होतं.”

अध्यक्ष आला. पुढचं झटपट झालं. दोन माणसांनी एका दिवसात भिंतीला पिस्ता रंगाचा डिस्टेंपर मारला, तिन्ही मजले. त्याला स्वतःचं खोटं परत रंगवून घ्यायलाही धीर नव्हता, गाव चार दिवस ते बघून गेलं होतं. माझी चौकशी लागली, संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान. समितीत तिघं, तिघंही त्याचेच. त्यांनी विचारलं, “तुम्ही मूळ चित्र का बिघडवलं?” मी म्हणाले, “बिघडवलं ते पहिल्यांदा. तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या.” हे बोलताना माझा आवाज चढला, मी टेबलावर हात आपटला, चहाचा कप उलटला. लेखी माफी मागा म्हणाले. मी नकार दिला. माझी बदली बदनापूरकडच्या शाखेत झाली. पुढची नऊ वर्षं मी एसटीनं जाऊन-येऊन नोकरी केली, त्या शाळेत चित्रकलेला वर्गखोली नव्हती, लिंबाखाली तास घ्यायचे.

वडील तेव्हा थकले होते. बदलीचा कागद मी त्यांना वाचून दाखवला. “लांब पडंल,” म्हणाले. आणि मग, “माझ्या बापानं एकदा असं केल्तं. ज्यानं सांगितलं त्याचं सोडून, खऱ्याचं तोंड कोरलं दगडावर. गाव सोडावं लागलं. म्हणून आपण इथं हाये.” हे त्यांनी मला त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्यावर भडकले. “आधी का नाही सांगितलं, दादा? मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा का नाही?” भ्याले असतील. मला नोकरी हवी होती, हे त्यांनाही हवं होतंच की.

सभागृह आता लग्नाला भाड्यानं देतात. स्टेजवर थर्माकोलची महिरप, मागं तो पिस्ता रंग, आणि ओल आली की मधल्या मजल्यावर पोपडे सुटतात. दर दोन वर्षांनी पुन्हा रंग मारतात. गावात आता दोन्ही गोष्टी सांगतात. काही म्हणतात ताईंनी अग्नी दिला, काही म्हणतात पुतण्यानं, आणि भांडतात. पूर्वी भांडण नव्हतं, हा फरक आहे.

दोन हजारच्या पुढं कधीतरी शिपायाच्या नातीच्या लग्नाला मी तिथं गेले. पंगत बसली होती. माझ्या उजव्या हाताची जागा रिकामी होती आणि ताई आत आल्या. केस पांढरे, हातात काठी. त्यांनी हॉलभर नजर फिरवली, दुसऱ्याही जागा रिकाम्या होत्या. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. वाढप्यानं वरण आणलं, त्यांच्या पत्रावळीला टेकण नव्हतं, वरण वाहायला लागलं. मी माझ्याकडची चपाती घडी करून टेकण म्हणून त्यांच्या पत्रावळीच्या कडेखाली लावली. त्यांनी ती तशीच राहू दिली आणि भात कालवायला घेतला.